दुर्बिणीवरचं कुंकू

आमच्या घरात बंदूक कधीच आली नाही. आली ती फक्त तिच्यावरची दुर्बीण, तीही तीन दिवसांची पाहुणी म्हणून. त्या तीन दिवसांनी पुढे काय काय घडवलं ते मी आजवर लिहून तर सोडाच, धड बोलूनही कुणाला सांगितलेलं नाही. एकदाच सांगितलं, तेही पंचवीसेक वर्षं उशिरा. आता साठी जवळ आली, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, तेव्हा म्हटलं, त्यांच्याआधी आपण बोलून घ्यावं.

पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांमधलं आमचं ते गाव. बाबा नागपूरचे, आई साताऱ्याची, आणि दोघांच्या पत्रिकेत हे गाव कुठल्या ग्रहाने लिहून ठेवलं होतं कोण जाणे. तिथे भिंगांचा एक कारखाना होता, म्हणून आम्ही तिथे होतो. बाबा तयार झालेली भिंगं तपासायचे. दिवसभर काचेतला दोष शोधणाऱ्या माणसाला घरी आल्यावरही उसंत नसते. पाण्याचा पेला उजेडात धरून बघितल्याशिवाय ते प्यायचे नाहीत, आणि आईने चहा आणला की आधी कपाकडे बघायचे, मग तिच्याकडे. "तुमचं इन्स्पेक्शन झालं असेल तर प्या," आई म्हणायची. संध्याकाळी तिचा कुकर शिट्ट्या द्यायला लागला की शेजारची ट्रेसी पहिल्या पहिल्यांदा कानांवर हात ठेवून बाहेर पळायची. सर्वांत जवळचं मराठी घर गाडीने साडेतीन तासांवर होतं. त्यामुळे सणावाराला आमच्याकडे माणसं म्हणून यायची ती ट्रेसी आणि तिचे वडील, वॉल्ट. वॉल्ट लाकडाच्या गिरणीत कामाला होता. बायको सोडून गेलेली, मुलगी एकट्याने वाढवत होता. बर्फ पडला की स्वतःच्या आधी आमचा ड्राइव्हवे मोकळा करायचा. आईने पहिल्याच हिवाळ्यात त्याला 'वॉल्टभाऊजी' करून टाकलं आणि मला 'वॉल्टकाका' म्हणायला लावलं. त्याला ते नाव आवडायचं. हॅलोविनच्या सुमाराला आई भोपळ्याचे घारगे करायची, ते तो डब्यात घालून गिरणीवर न्यायचा आणि सगळ्यांना सांगायचा की हे डोनट आमच्या वहिनीने केलेत.

वॉल्टकाकाच आम्हा दोघींना क्लबच्या रेंजवर न्यायचा. ट्रेसीला नेमबाजीचा कंटाळा होता, मला मात्र ती पहिल्याच दिवशी जमली. पोटावर झोपायचं, श्वास अर्धा सोडून थांबवायचा आणि लांबच्या कागदावरच्या काळ्या वर्तुळाकडे बघत राहायचं. शाळेत मी जिथे जाईन तिथे कुणीतरी विचारायचं, तुम्ही मूळचे कुठले, तुमच्याकडे हत्तीवरून शाळेत जातात का. रेंजवर हे कुणी विचारत नसे. तिथे कागद खाली आणून भोकं बघायचे आणि म्हणायचे, "नाइस ग्रुप, नॅन." माझं नाव नंदिनी, पण मला त्या 'नॅन'चा इतका अभिमान वाटायचा की वहीवरही तेच लिहायला लागले होते. बाबांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. बंदूक वॉल्टकडे राहील, आपल्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. आणि कागदाशिवाय कशावरही गोळी झाडायची नाही. आमच्याकडे अंडंसुद्धा केकमधून चोरून येत असे, तेव्हा दुसरी अट बाबांनी सांगितली नसती तरी चाललं असतं. मी दोन्ही अटींना मान डोलावली.

त्या मान डोलावण्यात मात्र चोरी होती. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायचा आणि त्या दिवशी आमच्या शाळेला चक्क सुट्टी असायची. मंगळवारी वर्गात दुसरं काही बोलणंच नसे. कोण कुठे बसलं, किती यार्डांवर, शिंगांना किती फाटे. मुलीसुद्धा बोलायच्या. मी तेवढ्यापुरती पुस्तकात डोकं घालायची. सोळावं लागलं आणि मी ठरवलं की या वर्षी आपणही मंगळवारी बोलायचं. वॉल्टकाकाला सांगितलं, बाबांचा होकार आहे. त्याने मला शिकारीचा कोर्स करायला लावला, फॉर्मवर बाबांची सही लागत होती, ती मी 'क्लबचा फॉर्म आहे' म्हणून घेतली. बाबांनी न वाचता सही केली. काचेच्या कणाकणावर संशय घेणारा माणूस, पोटच्या पोरीचा कागद वाचायचं त्याच्या मनातही आलं नाही.

वॉल्टकाकाने आपल्या वडिलांची जुनी रायफल मला वापरायला दिली होती. तिच्यावरच्या दुर्बिणीत आतून वाफ धरली होती, तेव्हा नवी घ्यायची ठरली. "दुर्बीण मी घेणार," बाबा एकदम म्हणाले. "बंदुकीतलं मला कळत नाही, पण भिंगातलं त्या दुकानदाराला माझ्याइतकं कळणार नाही." त्यांच्या आवाजात उत्साह होता. माझ्या त्या बंदुकीच्या जगात त्यांना शिरायला प्रथमच एक दार सापडलं होतं, आणि त्यांना त्यात किती आनंद झालाय हे मला दिसत होतं. तरीही मला वाटत होतं की यांनी येऊ नये.

दुकान हमरस्त्यावर होतं. पुढे मासे पकडायचं सामान, मागे बंदुका, भिंतीभर हरणांची मुंडकी. बाबा ऑफिसच्याच शर्टात आले होते, खिशाला तीन पेनं, हातात टॉर्च आणि वही. मुंडक्यांकडे पाठ करून ते काउंटरपाशी उभे राहिले आणि त्यांनी दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या दुर्बिणी बाहेर काढायला लावल्या. प्रत्येकीत टॉर्च मारून आतल्या उजेडाच्या ठिपक्यांचे रंग बघितले, त्यावरून काचेवरचा लेप नीट चढलाय का ते कळतं म्हणे. मग दुर्बीण दोन खोक्यांच्या मधे टेकवून, हात न लावता, तिच्यामागे वाकून ते मान डावीकडून उजवीकडे हलवायला लागले. डोळा सरकला तरी आतली फुली निशाणावरच राहते की हलते, ते ते बघत होते. स्वस्त दुर्बिणीत ती हलते आणि मग नेम चुकतो. शंभरातल्या नव्वद शिकाऱ्यांना हे तपासायचं सुचत नाही. पण काउंटरला टेकलेल्या दोन माणसांना दिसली ती फक्त मान हलवणारी इंडियन आकृती. एकाने दुसऱ्याला विचारलं, "म्हणजे हो म्हणतोय की नाही?" आणि स्वतःही तशीच मान हलवली. दोघे हसले. दुकानदार हसला. मीही हसले. बाबांना वाटलं, पोरगी खुशीत आहे, म्हणून वर बघून तेही हसले.

शेवटी त्यांनी एक निवडली. बारा पटीची, बारीक तारांची फुली, लांबच्या कागदासाठीच बनवलेली. वाहनतळावर नेऊन त्यांनी मला चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दाखवलं, काट्यावरचा गंजसुद्धा दिसत होता. मला हवी होती दुसरी. तीन पटींपासून नऊ पटींपर्यंत फिरवता येणारी, जाड तारांची, पुढचं भिंग मोठं. झाडीत पहाटेच्या अंधुक उजेडात तीच उपयोगी. वॉल्टकाकाने तीच सांगितली होती, पण कशासाठी ते बाबांना सांगता येत नव्हतं.

"तीन पटीने काय बघणार तू?" बाबा म्हणाले. "कमी पट म्हणजे जास्त परिसर दिसतो. कागदाला परिसर कशाला? कागद काही पळत नाही."

"बाबा, उन्हाळ्यात रेंजवर हवा तापते ना," मी म्हटलं, "मग पट जास्त असली की सगळं पाण्यातल्यासारखं हलतं. कमी केली की स्टेडी दिसतं. म्हणून व्हेरिएबल हवी."

हे खोटं नव्हतं. खऱ्या गोष्टीत गुंडाळून दिलेलं खोटं कसं गळ्याखाली उतरतं ते मला त्या दिवशी कळलं. बाबा थांबले. वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. बरोबर आहे तुझं." आणि दुकानदाराला मोठ्या आवाजात सांगितलं, "माय डॉटर हॅज अ व्हेरी गुड पॉइंट." घरी जाताना गाडीत ते दोनदा म्हणाले की तू ऑप्टिक्समध्ये जा. आजही कुणी माझ्या हुशारीचं कौतुक केलं की मला त्या गाडीतल्या सीटवर बसल्यासारखं वाटतं.

सप्टेंबरात वॉल्टकाकाने ती दुर्बीण रायफलीवर बसवली आणि आम्ही रेंजवर जाऊन ती जुळवली. म्हणजे फुली जिथे दिसते तिथेच गोळी लागेपर्यंत कागदावर झाडत राहायचं आणि दुर्बिणीवरच्या दोन चकत्या टिकटिक करत फिरवत राहायचं. चाळीस-एक गोळ्यांत ती अशी जुळली की वॉल्टकाका म्हणाला, "आता हिला कुणी हात लावायचा नाही. एकदा काढून परत बसवलेली दुर्बीण ही नवी दुर्बीण समजायची, पहिल्यापासून जुळवायची."

आणि मग आलं नवरात्र. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा असायची. पाटावर बाबांचा मायक्रोमीटर, आईचं शिवणाचं मशीन, विळी, गाडीच्या किल्ल्या. आपट्याची पानं कुठली मिळायला, कोर्टासमोरच्या गिंकोच्या झाडाची पिवळी पानं आई वेचून आणायची. ती म्हणायची, ही तर आधीपासूनच सोन्याची आहेत. त्या वर्षी पाट मांडता मांडता तिने मला हाक मारली.

"नंदू, तुझं काय बसवायचं पूजेत?"

"माझं काही नाही."

"असं कसं? ज्यावर आपला हात चालतो त्याची पूजा करायची. हत्यार घरात नको, कबूल. ती दुर्बीण आण."

"आई, इट्स जस्ट अ स्कोप."

"मग आण की जस्ट स्कोप. ती काय चावते?"

मी नको म्हणायला हवं होतं. वॉल्टकाकाने काय सांगितलंय ते सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला हे मनातल्या मनात फार भारी वाटत होतं, की माझंही काहीतरी पाटावर बसणार, बाबांच्या मायक्रोमीटरशेजारी. वॉल्टकाका पाळीवर होता, ट्रेसी बँडच्या प्रॅक्टिसला. त्यांच्या तळघराला कुलूप नसायचं, रायफल भिंतीवर टांगलेली. दुर्बिणीचे मोठे स्क्रू नाण्याने फिरायचे. मी दहा मिनिटांत ती सोडवली आणि टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणली. आईने तिला आंघोळ घालायची नाही हे बाबांनी आधीच बजावलं होतं. "काचेला बोटही लावू नकोस," ते म्हणाले. आईने लावलं नाही. अनामिकेने कुंकवाचा एक ठिपका तिने बाजूच्या स्क्रूवर टेकवला, इतका हलका की जणू तान्ह्या मुलाला तीट लावतेय. बाबा मला म्हणाले, "परत बसवलीस की पुन्हा कागदावर जुळवून घ्यावी लागेल, नाही का?" मी म्हटलं, "आय नो, बाबा." दसरा झाल्यावर, तिसऱ्या दिवशी, मी ती नेऊन होती तशी बसवली.

होती तशी दिसत होती, एवढंच. जुळवायची तर वॉल्टकाकाला सांगायला हवं, का काढली होती ते सांगायला हवं. वॉल्टकाका आमच्याकडे घारगे खायचा, पूजेच्या दिवशी प्रसादही खायचा. त्याला मी पूजेचं सांगितलं असतं तर तो फार तर "ओके, नॅन," म्हणाला असता. पण मला ते तोंडातून काढवेना. माझ्या आईने तुझ्या बापाच्या रायफलीवरच्या दुर्बिणीला लाल पावडर लावून हात जोडले, हे वाक्य मी इंग्रजीत मनात जुळवून बघितलं आणि मला दुकानातली ती मान हलवणारी माणसं दिसली. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी वॉल्टकाका म्हणाला, "चल, हंगामाआधी तीन गोळ्या कागदावर टाकून बघू." मी म्हटलं, मला मैत्रिणींबरोबर मॉलला जायचंय. तो म्हणाला, "ठीक आहे. धक्काबिक्का नाही ना लागला तिला?" मी म्हटलं, "नाही." मॉलला मला बाबांनीच सोडलं.

सोमवारी घरी सांगितलं होतं की क्लबची मॅच आहे. आईने पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या करून फॉइलमध्ये बांधून दिल्या. "वॉल्टभाऊजींना पण दे. आणि कानाला बांध, गारठा आहे," म्हणाली. उजाडायच्या आत आम्ही डोंगरावर पोचलो. ट्रेसीला ताप होता, आम्ही दोघेच. विजेच्या तारांखालची झाडं तोडून केलेली एक मोकळी पट्टी होती, तिच्या कडेला एका पडलेल्या झाडाआड बसलो. फटफटलं तसे डोंगराडोंगरांतून बार ऐकू यायला लागले, लांबच्या आळीत दिवाळी असावी तसे. मी पुऱ्या खाल्ल्या. हे मला अजून खटकतं, की मी त्या पुऱ्या तिथे बसून चवीने खाल्ल्या.

हरीण आठच्या सुमाराला आलं. नुसतं झाडीतून बाहेर येऊन उभं राहिलं, दोनशे यार्डांवर. नर आहे ना बघ, वॉल्टकाका कुजबुजला, कारण त्या आठवड्यात फक्त नर मारायची परवानगी होती. मी दुर्बीण नऊ पटीवर नेली. शिंगं दिसली, कान हलताना दिसले, नाकपुडीतून निघणारी वाफ दिसली. बाबांनी पारखलेली काच, ती कसलाच दोष न ठेवता सगळं दाखवत होती. फुली मी खांद्याच्या मागे ठेवली, श्वास अर्धा सोडला, आणि चाप ओढला. हरीण पडलं नाही. मधेच वाकलं, पोटात कळ आल्यावर माणूस वाकतो तसं, आणि झाडीत गेलं.

नंतरचे तीन तास मी इथे लांबवणार नाही. बर्फावर रक्त होतं आणि रक्तात हिरवट काहीतरी होतं. ते बघून वॉल्टकाकाला कळलं, गोळी पोटात लागलीय. ते बसायचं, आमची चाहूल लागली की उठायचं, पुन्हा पडायचं. जिथे जिथे बसलं होतं तिथे बर्फ वितळून खळगा झाला होता. शेवटी ओढ्याकाठी ते उठू शकलं नाही आणि आमच्याकडे बघत राहिलं. वॉल्टकाकाने मला मागे थांबायला सांगितलं आणि स्वतःच्या बंदुकीने एका गोळीत ते संपवलं. मग डोक्यावरची टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला. मी रडत होते, पण त्यातही मनाचा एक कोपरा कोरडा होता आणि तो आतापासूनच विचार करत होता की आता सांगायचं काय.

वॉल्टकाकाने खिशातली कागदी प्लेट काढून शंभर पावलांवरच्या झाडाला खोचली आणि माझ्या रायफलीने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एकमेकींना चिकटून, पण मध्यापासून वीतभर डावीकडे, खाली. दोनशे यार्डांवर ते दुप्पट होतं. त्याने रायफल गुडघ्यावर आडवी धरली आणि बघितलं. "ही कुणीतरी काढली होती," तो म्हणाला. मग अंगठ्याच्या नखाने स्क्रूच्या खाचेत खरवडलं. नखावर लाल आलं. त्याला आधी वाटलं रक्त. हुंगलं. "हे काय आहे, नॅन?"

तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "माझी आई. ती वस्तूंना पावडर लावते. इट्स अ रिलिजस थिंग. मी नको म्हटलं होतं तिला. मला माहीतच नव्हतं तिने काढलीय म्हणून."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला आईनेच शिकवली होती. अंगणच तिचं केलं मी.

वॉल्टकाकाने नख पँटला पुसलं. मला घरी सोडायला आला तेव्हा दुपार झाली होती. बाबा कारखान्यातून लवकर आले होते, आई दारात होती. माझ्या पँटवरचं रक्त बघून ती धावली. वॉल्टकाकाने तिला थांबवलं, मुलगी ठीक आहे म्हणाला, आणि आमच्यात घोळ नको म्हणून तिथेच, त्याच्या-आमच्या ड्राइव्हवेच्या मधल्या पट्टीवर उभं राहून, सगळं हळू इंग्रजीत सांगितलं. हरीण जखमी झालं. पावडर लावायला काढली तेव्हा दुर्बीण हलली होती, आणि शनिवारी तपासू म्हटलं तर नॅन मॉलला गेली होती. "पुन्हा कधी पूजेसाठी हवी असली तर मला सांगा, मीच काढून देईन. तुम्हाला माहीत नसणार, यात राग नाही," असं तो आईला म्हणाला. इतक्या चांगुलपणाने म्हणाला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण गडप व्हायची इच्छा आणि तोंड उघडायची हिंमत यांत फार अंतर असतं.

आईला सगळं कळलं नाही. 'पावडर' कळलं, 'यू' कळलं, 'डियर' कळलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "माझ्या कुंकवामुळे झालं का गं हे?"

मी म्हटलं, "हो."

आई वॉल्टकाकासमोर जाऊन उभी राहिली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "सॉरी, वॉल्टभाऊजी. माय मिस्टेक. व्हेरी सॉरी." तिने खाली वाकून हातही जोडले. बाबा माझ्याकडे बघत होते. पाण्याचा पेला उजेडात धरून बघायचे, तसंच. वॉल्टकाका गेल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "किती वेळ पळत होतं ते?" मी म्हटलं, "तीन तास." ते पायरीवर बसले. "तू कागद म्हणाली होतीस," म्हणाले. यापेक्षा जास्त ते मला त्याबद्दल जन्मात कधी बोलले नाहीत.

मी पुन्हा बंदुकीला हात लावला नाही, पण त्याचं श्रेय कुणी मला देऊ नये. ते पश्चात्तापाने कमी आणि पकडले जाण्याच्या भीतीने जास्त होतं. घरात मात्र एक बदल झाला. आई पुढे माझ्या कुठल्याच वस्तूला कुंकू लावेना. कॉलेजात पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा ती ताट घेऊन बाहेर आली, ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तूच लाव." पुढे जॉर्जियात अल्फारेटाला आम्ही घर घेतलं, तेव्हाही उंबऱ्यापाशी तेच. मला वाटायचं, बिचारीला अजून आपल्या हातांची धास्ती वाटते. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी विषय बदलायची.

बाबा गेले, मग काही वर्षांनी आई माझ्याकडे राहायला आली. माझ्या मुलीने लायसन्स मिळवलं आणि तिच्यासाठी गाडी आणली. ती आजीला बाहेर ओढत घेऊन आली, "आजी, यू डू इट, द रेड थिंग!" आईने ताट माझ्यापुढे केलं. "तुझी आई लावेल." पोरगी म्हणाली, "बट व्हाय नॉट यू?" एवढाच प्रश्न. सतरा वर्षांच्या पोरीला सुचला, तो मला पंचवीस वर्षांत सुचला नव्हता. मुलगी किल्ल्या आणायला आत गेली आणि मी आईला सगळं सांगितलं. दुर्बीण मीच काढली, मीच न जुळवता परत बसवली, वॉल्टकाकाला मीच खोटं सांगितलं, तुझ्या कुंकवाचा काही संबंध नव्हता.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "त्याच संध्याकाळी तुझ्या बाबांनी सांगितलं. दुर्बीण जुळवायची सोडून शनिवारी तू मॉलला गेलीस, त्यांनीच सोडलं होतं ना तुला."

"मग इतकी वर्षं तू हात का लावत नव्हतीस?"

"म्हटलं, कधीतरी विचारशील. विचारलंस की तिथून बोलणं निघेल. तू विचारलंच नाहीस."

"आई, चुकलं गं माझं."

"मला काय सांगतेस? मी आई आहे, मी गिळलं. पण सॉरी मी त्यांना म्हटलं होतं, त्यांच्यापुढे हात जोडून. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं असतं तर तुला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, म्हणून नाही गेले. त्यांना सांगायचं होतंस तू."

वॉल्टकाकाला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याच्या अंत्यविधीला मी गेले नव्हते, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे असं सांगितलं होतं. आई तेव्हा तिथेच, शेजारी राहत होती, ती गेली होती. नंतर ट्रेसीने मला फोन केला आणि हसत-रडत म्हणाली, "तुझी आई किती गोड आहे गं, पेटीपाशी उभी राहून माझ्या डॅडला सॉरी म्हणत होती. त्या हरणाचं तिला अजून वाईट वाटतं." कशाबद्दल ती सॉरी म्हणत होती ते मला त्या दिवशी, मुलीच्या गाडीपाशी आईसमोर उभी असताना उमगलं. फोनवर मात्र मी म्हणाले होते, "हो, शी इज लाइक दॅट."

आईही आता नाही. ट्रेसी आहे, वडिलांच्याच घरात राहते, ख्रिसमसला आमचे तासतासभर फोन होतात. हे सगळं मी मराठीत लिहिलं, आणि ट्रेसीला मराठी वाचता येत नाही, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं.